काचेच्या पेटीतील समुद्र

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील मुलांना पाण्याची नवी ओळख करून द्यावयास नको. नीरा डाव्या कालव्याचे पाणी त्यांच्या उसाच्या कडेने वाहते. कऱ्हा नदी बारामतीला लागून जाते. इंदापूर तालुक्याच्या सीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे आणि हिवाळ्यात भिगवणजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाणी असे चहूकडे असले, तरी समुद्र मात्र त्यांना दूरचा आहे. बारामतीहून सरळ रेषेत मोजले, तर अरबी समुद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर भरतो. इंदापूर तर त्याहून पूर्वेला आहे. त्यातही गंमत अशी की, या भागात पडलेला पाऊस जवळच्या अरबी समुद्राकडे जातच नाही. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि ते पाणी साऱ्या दख्खनचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचते.

अशा ठिकाणी एखाद्या घराच्या ओसरीवर समुद्राचा एक लहानसा तुकडा जिवंत ठेवता येईल काय? त्यात खारे पाणी असेल, खडकांच्या कपारी असतील आणि त्या कपारींतून नारिंगी रंगाचे मासे हिंडत असतील. हे शक्य आहे. मात्र त्यासाठी पैशापेक्षा धीर अधिक लागतो आणि हौसेपेक्षा ज्ञान अधिक लागते. समुद्राचे नियम ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून त्या पेटीतील जीव काही दिवसांतच मरून जातात. ते नियम कोणते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रवाळांची नगरी

उष्ण प्रदेशांतील उथळ व स्वच्छ समुद्रात प्रवाळांच्या भित्ती असतात. प्रवाळ म्हणजेच पोवळे. पूर्वी लोक त्याला दगड समजत, काही जण वनस्पती समजत; परंतु प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव मऊ नळीसारखा असून बहुधा काही मिलिमीटरच रुंद असतो. नळीच्या तोंडाभोवती बारीक शुंडा असतात व त्यांनी तो भक्ष्य पकडतो. पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन तो आपल्या बुडाशी दगडी पेला बांधतो. असे लक्षावधी जीव एकमेकांना चिकटून राहतात. एक पिढी मेली की तिच्या सांगाड्यावर दुसरी वाढते. अशा रीतीने सहस्रावधी वर्षांत ती प्रचंड भिंत तयार होते.

या कामात प्रवाळाला एक सोबती साहाय्य करतो. त्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. प्रवाळाचे बरेचसे रंगही या शैवालामुळेच असतात. पाणी नेहमीपेक्षा फार तापले, तर हे शैवाल प्रवाळाच्या शरीरातून निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. असा पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. परंतु उष्णता टिकून राहिली, तर तो उपासमारीने मरतो.

समुद्राच्या तळाचा शंभरातील एक भागदेखील या भित्तींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात. भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे त्या आढळतात. आपला महाराष्ट्रही याबाबतीत अगदीच रिता नाही. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत आणि तेथील समुद्रास १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्यावरही प्रवाळ आहेत. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्याला मिळाले असून ते ‘आंग्रिया बँक’ या नावाने ओळखले जाते.

काचेतून समुद्र पाहण्याचा इतिहास

समुद्रातील जीव काचेच्या पात्रात ठेवून पाहण्याची युक्ती फार जुनी नाही. झान व्हिलप्रू-पॉवर नावाची एक फ्रेंच स्त्री इटलीतील सिसिली बेटावर राहत असे. ती एका चांभाराची मुलगी होती आणि कपडे शिवण्याच्या कामातून पुढे आली होती. १८३२ च्या सुमारास तिने काचेची पात्रे तयार करून त्यांत आर्गोनॉट नावाचा सागरी प्राणी पाळला. हा प्राणी आपले कवच स्वतः बनवितो की दुसऱ्याचे चोरतो, असा त्या काळी विद्वानांत वाद होता. तिने दिवसेंदिवस निरीक्षण करून ते कवच तो स्वतःच बनवितो, हे सिद्ध केले.

पुढे इंग्लंडात रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पात्रातील प्राणी व वनस्पती यांचा समतोल राखण्याचे प्रयोग केले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्या वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने इंग्लंडला या छंदाचे वेडच लागले. जो तो किनाऱ्यावर जाऊन खडकांतील डबक्यांतून जीव उपटून आणू लागला. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात या गोष्टीविषयी खेद व्यक्त केला आहे. वडिलांनी ज्या सौंदर्याची ओळख लोकांना करून दिली, तेच सौंदर्य लोकांच्या हावरेपणाने नष्ट झाले, असे त्याला दिसून आले. ही गोष्ट विसरू नये; तिचा संबंध पुढे येणार आहे.

मुंबईत चर्नी रोडनजीक समुद्रकिनारी १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला, तो तेथेच. २०२० साली साथीच्या काळात ते बंद करण्यात आले. रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालयही प्रसिद्ध आहे. ही मोठी मत्स्यालये समुद्राच्या काठी होती. घरगुती पेटीत समुद्र टिकविणे अधिक अवघड होते. इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थाने समुद्रातील सच्छिद्र खडक त्यावरील सूक्ष्म जीवांसह पेटीत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने ते साधले आणि १९६१ साली आपली रीत जगापुढे मांडली. खडकावरील न दिसणारे जीवच पाणी शुद्ध ठेवतात, हे त्यातील मर्म होते.

पेटी आणि तिची जागा

प्रथम पेटीचा विचार करू. पेटी जितकी लहान, तितकी सांभाळण्यास सोपी, असे पुष्कळांस वाटते. परंतु खरी गोष्ट उलट आहे. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ पडले, तर चव बदलते; हंडाभर पाण्यात पडले, तर कळतही नाही. तसेच लहान पेटीतील पाणी लवकर तापते, लवकर आटते आणि लवकर नासते. म्हणून नवशिक्याने निदान ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच पेटी घ्यावी. तिचे घनफळ १८२ लिटर होते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वगळता तीत सुमारे १५० लिटर पाणी मावते. पाणी, दगड व काच मिळून हे वजन दोनशे किलोंच्या वर जाते. म्हणून खालची घडवंची मजबूत व अगदी सपाट असावी. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि काचेवर शेवाळ माजते.

तळाशी चुनखडीच्या जातीची पांढरी वाळू पसरावी. नदीची वाळू घालू नये. तिच्यात गाळ असतो. खडक मात्र समुद्रातून तोडून आणलेले नसावेत. माणसाने बनविलेले सच्छिद्र दगड बाजारात मिळतात, ते घ्यावेत. ते एकावर एक असे रचावेत की, त्यांच्यामधून पाणी सर्व बाजूंनी खेळेल आणि माशांना लपावयास कपारी राहतील. रचना पक्की असावी. एखादा दगड निसटून काचेवर आदळला, तर साऱ्या घरात समुद्र होईल!

पाणी आणि मीठ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील बहुतेक भाग आपल्या खाण्याच्या मिठाचा असतो. परंतु त्यांखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे संयुग आणि इतर अनेक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. स्वयंपाकघरातील मीठ पाण्यात विरघळविले, तर पाणी खारट होईल, पण समुद्र होणार नाही. ही सर्व द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळलेले कृत्रिम समुद्रमीठ विकत मिळते, तेच वापरावे. १५० लिटर पाण्यास ते साधारणपणे साडेपाच किलो लागते.

पाणी कोणते घ्यावे? विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी चालणार नाही. उसाच्या पट्ट्यात शेताला घातलेल्या खतांतील नायट्रेट पाण्याबरोबर जमिनीत उतरते आणि विहिरीत येते. त्यातील क्षारांचे प्रमाणही समुद्रासारखे नसते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. म्हणून व्यस्त परासरणाच्या यंत्रातून, म्हणजे ज्याला आपण आर. ओ. म्हणतो त्यातून गाळलेले पाणी घ्यावे. या यंत्रातील पडद्यातून पाणी पलीकडे जाते आणि बहुतेक क्षार मागे राहतात.

मीठ स्वतंत्र पिंपात विरघळवावे आणि चोवीस तास पाणी हलते ठेवावे. मग घनतामापकाने पाहावे. एक लिटर शुद्ध पाण्याचे वजन सुमारे एक हजार ग्रॅम असते, तर एक लिटर समुद्रपाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. या २५ ग्रॅमांच्या फरकावर पेटीतील सर्व जीवांचे प्राण अवलंबून असतात.

असे का, ते समजून घेऊ. उजनीतील रोहू माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. म्हणून बाहेरचे पाणी त्याच्या शरीरात सारखे शिरत असते आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकतो. समुद्रातील माशाची स्थिती उलटी. बाहेरचे पाणी त्याच्या शरीरातील द्रवापेक्षा अधिक खारट असल्यामुळे त्याच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्याचा खारेपणा एकाएकी बदलला, तर हा हिशेब कोलमडतो.

पेटीतील गणित आणि नीरेकाठची शेते

पेटीतील पाण्याची रोज वाफ होते. वाफ पाण्याचीच होते. मीठ मागेच राहते. समजा, उन्हाळ्यात आपल्या पेटीतून रोज तीन लिटर पाणी उडून जाते. दहा दिवसांत तीस लिटर जाईल. दीडशे लिटरांत असलेले सव्वापाच किलो क्षार आता एकशेवीस लिटरांत राहतील आणि एका लिटरात ३५ ऐवजी जवळजवळ ४४ ग्रॅम क्षार होतील. इतक्या खारटपणात पुष्कळ जीव जगत नाहीत. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई रोजच्या रोज गोड्या, गाळलेल्या पाण्याने करावी. भरपाईला खारे पाणी घातले, तर खारटपणा आणखी वाढेल.

हा नियम नीरेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना फार जुन्या अनुभवाने ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा या दुष्काळी मुलखात आला आणि शेते हिरवी झाली. परंतु काही ठिकाणी काळ्या, भारी जमिनीत पाणी नीट न निचरता साचले. ते वर चढून उन्हाने उडून गेले आणि त्यातील क्षार मातीच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पापुद्र्यासारखे उरले. चांगली जमीन खारवट झाली. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे या शेतीशास्त्रज्ञांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. दुष्काळ, क्षार व उष्णता यांनी पिकांवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करण्यासाठी २००९ साली बारामतीजवळ माळेगाव येथे एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

तेव्हा मुलांनो, काचेच्या पेटीत आणि शेताच्या वाफ्यात एकच कायदा चालतो. पाणी येते आणि जाते. क्षार मात्र साचत राहतात. त्यांना बाहेर जाण्यास वाट ठेवावी लागते. शेतात ती वाट चराने करतात, पेटीत ती दर आठवड्यास थोडे पाणी बदलून करतात. पेटीतून काढलेले खारे पाणी मात्र बागेत किंवा शेतात ओतू नये, हे आता निराळे सांगावयास नको.

न दिसणारे सेवक

पाणी तयार झाले, दगड रचले, आता मासे सोडावे असे कोणासही वाटेल. परंतु येथेच धीराची परीक्षा असते. मासे आपल्या शरीरातून अमोनिया हा पदार्थ पाण्यात टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही तो निर्माण होतो. अमोनिया विषारी आहे आणि समुद्राच्या पाण्यात त्याचे विष अधिक तीव्र होते. अथांग समुद्रात तो पसरून जातो. पेटीत जाणार कोठे?

त्याची विल्हेवाट जीवाणू लावतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच कमी हानिकारक असते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास या जीवाणूंचा शोध लावला. या जातीचे जीवाणू आपल्या शेतातही अखंड राबत असतात. शेतकरी उसाला युरिया घालतो, त्याचे जमिनीत प्रथम अमोनिया आणि नंतर नायट्रेट होते आणि ते पिकाची मुळे शोषून घेतात.

पेटीत हे जीवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत एकही मासा नसावा. माशांच्या अन्नाची चिमूट अधूनमधून टाकावी, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळेल. रंग बदलणाऱ्या औषधाचे थेंब घालून पाण्याची तपासणी करावी व आकडे वहीत लिहावे. प्रथम अमोनिया वाढतो. तो उतरू लागला की नायट्राइट वाढते. शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. त्या दिवशी पेटी राहण्यायोग्य झाली असे समजावे. मध्यंतरी दगडांवर तपकिरी व पुढे हिरवे शेवाळ येईल. त्याने घाबरून जाऊ नये. नव्या भूमीवर प्रथम गवतच उगवते.

वारा, फेस आणि ऊन

समुद्र कधी स्वस्थ नसतो. म्हणून पेटीतही लहान पंपाने प्रवाह चालू ठेवावा. खारे पाणी त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एकपंचमांश कमी प्राणवायू धरते. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला, तरच हवेतील प्राणवायू त्यात विरघळत राहतो.

आणखी एक यंत्र लागते. तुम्ही गुऱ्हाळ पाहिले असेलच. काहिलीत उसाचा रस तापू लागला की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी काढली नाही, तर गूळ काळा होतो. पेटीला जोडलेल्या यंत्रात खाऱ्या पाण्यातून अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातील घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपाने वर चढते आणि वरच्या पेल्यात जमा होते. तेथे उष्णतेने फेस येतो, येथे हवेने येतो. घाण कुजून तिचे अमोनिया होण्यापूर्वीच ती अशा रीतीने बाहेर काढता येते.

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. बारामती-इंदापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. तेव्हा येथे पाणी गरम करण्यापेक्षा गार ठेवण्याचीच चिंता अधिक. पेटीच्या वर लहान पंखा लावावा. माठातील पाणी झिरपून उडते व उरलेले गार होते, त्याच तत्त्वाने पेटीतील पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते. एवढ्याने भागत नसेल, तर शीतयंत्र लागते. ते घेण्याची ऐपत नसेल, तर येथील उन्हाळ्यात ही पेटी न ठेवणेच बरे. वीज जाते, तेव्हाही मासे श्वास घेतच असतात. म्हणून घटावर चालणारा लहानसा हवेचा पंप जवळ असावा.

पाहुणे कोणते आणावे?

प्रथम शेवाळ खाणाऱ्या काही समुद्री गोगलगाई सोडाव्यात; मात्र काही शंख कायद्याने संरक्षित आहेत, ते घेऊ नयेत. त्यानंतर दोन आठवड्यांनी विदूषक माशांची एक जोडी आणावी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा निसर्गात समुद्रफुलांच्या दंशकारी शुंडांत निर्धास्त राहतो. सगळे विदूषक मासे आरंभी नर असतात. त्यांच्यातील जो सर्वांत मोठा व प्रबळ होतो, तो पुढे मादी बनतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या माशांची पैदास करण्याची पद्धती तमिळनाडूतील मंडपम येथे सिद्ध केली आहे. अशा केंद्रांत जन्मलेले मासेच घ्यावेत. ते पेटीतील जीवनास सरावलेले असतात आणि त्यांच्यासाठी समुद्राला काही गमवावे लागत नाही.

माशांची पिशवी प्रथम पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होईल. मग पेटीतील पाणी थोडेथोडे पिशवीत घालत एक तास जाऊ द्यावा आणि नंतर मासे अलगद सोडावेत. अन्न दिवसातून एकदोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. हौशी माणसाच्या पेटीतील मासे उपासाने क्वचित मरतात. अतिप्रेमाने वारंवार मरतात.

आणि प्रवाळ? ज्यांच्या नावाने या पेटीची हौस सुरू झाली, ते प्रवाळ आपल्या पेटीत नसतील. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. समुद्रातून प्रवाळ तोडणे किंवा तो विकत घेणे हा अपराध आहे. हा कायदा विनाकारण झालेला नाही. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ वर्षानुवर्षे खणून नेण्यात आले. एकेका भित्तीला घडावयास सहस्रावधी वर्षे लागतात. पहारीला एक दिवस पुरतो. गॉसच्या काळी इंग्लंडच्या किनाऱ्याचे जे झाले, ते आपल्या सागराचे होऊ नये, म्हणून या एका गोष्टीचा त्याग हौशी माणसाने आनंदाने केला पाहिजे.

पेटीचा कंटाळा आला, म्हणून त्यातील जीव ओढ्यात, कालव्यात किंवा धरणात सोडू नयेत. समुद्रातील जीव तेथे तडफडून मरतील. गोड्या पाण्यातील परदेशी मासे सोडले, तर वेगळाच अनर्थ होतो. शोभेच्या पेट्यांतून बाहेर पडलेले सकर मासे आता उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतात. ते जाळी फाडतात आणि त्यांना गिऱ्हाईक नसते.

रोजचे काम आणि त्याचे फळ

रोज सकाळी तापमान पाहावे, आटलेले पाणी भरावे, मासे मोजावेत. आठवड्यातून एकदा दहावा भाग पाणी बदलावे, काच पुसावी, पाण्याची तपासणी करून वहीत नोंद करावी. बिघाड प्रथम वहीतील आकड्यांत दिसतो आणि मग पेटीत दिसतो. म्हणून ज्याची वही चांगली, त्याची पेटी चांगली.

१५० लिटर पाणी शुद्ध, शीतल व योग्य तेवढे खारे ठेवण्यासाठी माणसाला पंप, पंखे, यंत्रे आणि रोजचे श्रम लागतात. हेच काम समुद्र कोणाची मदत न घेता अनंत काळ करीत आला आहे. परंतु त्याच्याही शक्तीला मर्यादा आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी जगातील पुष्कळ प्रवाळभित्ती पांढऱ्या पडल्या. त्यांत आपल्या लक्षद्वीपच्याही होत्या. पेटीतील पाणी तापले, तर आपण पंखा लावतो. समुद्र तापला, तर कोणता पंखा लावणार?

समुद्रापासून दूर असलेल्या गावातील मुलाने ही पेटी सहा महिने नीट सांभाळली, तर त्याला मासे पाळता येतील, ही लहान गोष्ट झाली. पाण्याचा थेंब, मातीतील क्षार, न दिसणारा जीवाणू आणि दूरचा समुद्र ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ते एकदा दिसले म्हणजे आपल्या शेतातील पाणीही तो अधिक जपून वापरील.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे किती क्षार असतात?
(आ) प्रवाळाला अन्न मिळवून देण्यास कोण साहाय्य करते?
(इ) तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन कोणी केले?

२. कारणे सांगा.
(अ) आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी.
(आ) पहिले चार ते सहा आठवडे पेटीत मासा सोडू नये.
(इ) नवशिक्याने फार लहान पेटी घेऊ नये.

३. पेटीतील पाणी आणि नीरा खोऱ्यातील खारवट जमीन यांतील साम्य आठ-दहा ओळींत लिहा.

४. गणित करा : एका पेटीत १०० लिटर समुद्रपाणी असून दर लिटरास ३५ ग्रॅम क्षार आहेत. २० लिटर पाण्याची वाफ झाल्यास दर लिटरास किती क्षार होतील?

५. ‘पंखा’, ‘वाट’, ‘भूमी’, ‘पाहुणा’ हे शब्द पाठात कोणत्या अर्थांनी आले आहेत ते शोधा आणि प्रत्येकाचा आपल्या वाक्यात उपयोग करा.

६. आपल्या गावातील विहीर, कालवा व नळ यांचे पाणी सारख्या बश्यांत उन्हात ठेवा. पाणी उडून गेल्यावर बशीत काय उरते, ते पाहून वहीत लिहा.